मदत हवी आहे: जुनी बोरमाळ रोज घालण्याजोगी करायची आहे

नाशिकमध्ये सराफ बाजाराच्या आसपास जुनी बोरमाळ ओवून देणारा चांगला पटवेकरी कोणाला माहीत आहे का? मणी 38, आतून लाख भरलेले. दोरा भोकांशी झिजून काळा पडलाय. दोन मण्यांना पोचे आहेत आणि एकातून लाखेची तांबूस भुकटी गळते, म्हणजे आतली लाख सुटली आहे.

तारेत ओवणं नको, पातळ पत्र्याची भोकं तारेने कापली जातात. रेशमी दोराच हवा, मागे सरकता गोंडा, म्हणजे कुर्त्याच्या गळ्याप्रमाणे लांबी कमी-जास्त करता येते.

"उजळून देतो" म्हणणारे कृपया सुचवू नका. उकळतं पाणी किंवा ज्योत लागली की लाख पातळ होऊन भोकातून बाहेर येते आणि पोकळ मणी बोटाच्या दाबानेही चेपतो. शिवाय तो जुना, मऊ पिवळा रंग जातो, आणि साध्या सुती कपड्यांवर माळ खुलते ती त्या रंगामुळेच!

चेपलेल्या मण्यांत नव्याने लाख भरून मिळते का? मजुरी मण्यावर घेतात की माळेवर? मणी मोजून, ओवण्याआधी आणि नंतर समोर वजन करून देणारे कारागीर असतील तर नक्की सांगा.