घाटाला दगड लावण्याआधी नाल्यांची तोंडं बघा (सांगली, हरभट रोड आणि रिव्हरफ्रंट)

खडीमुरूम

काल इथे एक पोस्ट आली. मागणी थोडक्यात अशी : आयर्विन पुलाच्या दोन्ही अंगांना कृष्णेला काँक्रीटची भिंत, तिच्यावर अहमदाबादच्या साबरमतीसारखा फिरायचा कट्टा, आणि हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ हे बाजाराचे रस्ते पेव्हर (सिमेंटचे ब्लॉक) टाकून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. "बाकी रडगाणं पुरे," असंही शेवटी लिहिलंय. याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

साबरमती वर्षातला बराच काळ कोरडी असायची. तिथे नर्मदा कालव्याचं पाणी सोडून, खाली वासणा बंधाऱ्याने अडवून तळं केलंय आणि पात्र दोन्हीकडून आवळून एकसारखं २६३ मीटरवर आणलंय. कृष्णा अशी आवळता येत नाही. आयर्विन पुलावरच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. या काठाला भिंत घातली की पाणी समोरच्या काठावरच्या सांगलवाडीत जादा शिरणार. तिथेही माणसंच राहतात.

भिंत पूर चढताना पडत नाही, ओसरताना पडते. आठ-दहा दिवस काठाची माती पाणी पिऊन जड झालेली असते. नदी झपाट्याने उतरली की समोरचा आधार जातो, मागचा दाब तसाच राहतो. म्हणून भिंतीत दर दोन मीटरला १०० मिलीमीटरची पाझर-छिद्रं आणि मागे किमान ३०० मिलीमीटर खडीची गाळणी लागते. आपल्याकडे मागे मुरूम ढकलून मोकळे होतात. पहिल्या पुराच्या गाळाने छिद्रं बुजली की भिंतीला पोट सुटतं.

आणि मुख्य गोष्ट. गावात पाणी काठ ओलांडून येतं त्याच्या आधी नाल्यांतून उलटं येतं. नाल्यांच्या तोंडाला झडप नसेल तर वर संगमरवर लावा नाहीतर सोनं, हरभट रोडवर पाणी येणारच.

कृष्णाकाठ

मूळ पोस्ट माझी. भिंतीचा मुद्दा सोडा, त्यावर मी अडून बसणार नाही. पण तुमच्या उत्तरातून नेहमीचाच निष्कर्ष निघतो : आधी नाले, आधी गटारं, आधी शेरीनाला, आणि नदीकाठ त्यानंतर कधीतरी. शहराचं सांडपाणी नदीत नेणाऱ्या या शेरीनाल्याचं पाणी उचलून धुळगावकडे शेतीला द्यायच्या योजनेवर किती वर्षं बोलतोय आपण? "आधी ते" म्हणत राहिलो तर नातवंडांनाही घाट दिसायचा नाही.

लोक नदीकडे फिरकत नाहीत म्हणूनच तिथे कचरा टाकला जातो. सरकारी घाटावर संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाला गर्दी होते तेव्हा पालिका दोन दिवसांत घाट लख्ख करते. रोज माणसं आली तर रोज साफ ठेवावाच लागेल. बाजाराचंही तेच. गिऱ्हाईक विश्रामबागच्या नव्या वस्तीकडे सरकतंय, कारण पेठेत पोराचा हात धरून दहा पावलं सरळ चालता येत नाही. पेठ मरतीय आणि तुम्ही मला झडपांचा हिशेब देताय.

गणपतीपेठ

पेठ मरतीय हे बाहेरनं बघणारा बोलतोय. पेठेचा धंदा गोणीवर चालतो. साखर, पेंड, तेलाचे डबे, सगळं टेम्पोनं येतं आणि हातगाड्यावर फुटतं. फक्त पायी करायचं तर पन्नास किलोची गोणी कुणाच्या डोक्यावर देणार, ते बी सांगा की. माल उतरायला सकाळी दहापर्यंत रस्ता मोकळा पाहिजे, संध्याकाळी आठनंतर परत. मधल्या वेळात चारचाकी बंद करा, आमचं काही म्हणणं नाही. खांब लावायचे तर काढता येणारे लावा, किल्ली चौकात कुणाकडं असणार ते आधी ठरवा. पक्के रोवलेले खांब बघून अग्निशमनचा बंब वळायचा नाही.

जलरेषा

या सगळ्या चर्चेला काय अर्थ आहे? जोवर कर्नाटकात कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचा घाट घातला जातोय तोवर सांगलीत एक फरशीसुद्धा बसवू नये. धरणाने अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागे इथपर्यंत येतो हे प्रत्येक सांगलीकराला माहीत आहे.

खडीमुरूम

आलमट्टी आली! प्रत्येक धाग्यात येते. उंची वाढवायला विरोध करायलाच हवा, माझाही आहे. पण २०१९ च्या पुरावर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात त्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलेलं नाही. पाणलोटातला पाऊस, धरणांतून एकाच वेळी सोडलेलं पाणी, पात्रातली आणि पूररेषेतली बांधकामं, हे सगळं मिळून होतं. कर्नाटकाकडे बोट दाखवलं की आपल्या ओढ्यांवरच्या प्लॉटिंगबद्दल कुणी विचारत नाही. सोय होते ती एवढीच.

जलरेषा

समितीचा अहवाल म्हणजे वेदवाक्य नाही. राज्य सरकारनेच नंतर फुगवट्याचा पुन्हा अभ्यास करायचं ठरवलं ते उगाच? ज्यांची घरं बुडाली त्यांना "सोय होते" म्हणून हिणवू नका.

खडीमुरूम

बुडालेल्यांना हिणवलेलं नाही. प्लॉट पाडणाऱ्यांबद्दल लिहिलं, परत वाचा. आणि आलमट्टीसाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.

ओळंबा

विषय रस्त्यावर आणतो, कारण मूळ पोस्टमधली सगळ्यात घातक गोष्ट भिंत नाही, पेव्हर आहे. पूर येणाऱ्या पेठेत पेव्हर टाकू नका.

पेव्हर वाळूवर बसतो. खाली दाबलेला खडीचा थर, त्यावर २५ ते ४० मिलीमीटर वाळू, मग ब्लॉक, मग सांध्यात बारीक वाळू. सगळी पकड त्या सांध्यातल्या वाळूची. आठवडाभर पाण्याखाली राहून पाणी उतरलं की ते सांध्यांतून वाळू घेऊन जातं. वरून रस्ता शाबूत दिसतो. त्यावरून भरलेला टेम्पो वळला की ब्लॉक तिरका होतो, शेजारचा उचलला जातो आणि महिन्याभरात खड्डा. त्यातही ठेकेदार ८० च्या जागी ६० मिलीमीटरचा ब्लॉक टाकतो, कडेला काँक्रीटची पट्टी न घालता गटाराच्या भिंतीला टेकवतो. कड सरकली की सगळी ओळ सरकते.

गणपतीपेठ

आणि उंची? कुठलंही काम काढा, रस्ता वर येतो. डांबराचा एक थर ४०-५० मिलीमीटर. चार वेळा टाकला की सहा-आठ इंच. जुन्या दुकानांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत. पूर लांब राहिला, अर्ध्या तासाच्या वळवात पाणी आत येतंय. रस्ता खरवडून मग डांबर टाका म्हटलं तर म्हणतात एस्टिमेटमध्ये नाही. त्यावर आता पेव्हर आणून अजून सहा इंच वर नेणार काय?

कृष्णाकाठ

उंची वाढते तो दोष पेव्हरचा नाही, खोदाई न करण्याचा आहे. ८० चा ब्लॉक, ३० वाळू, २०० खडी म्हणजे ३१० मिलीमीटर. तेवढं खणून काढलं तर पातळी जिथली तिथे. उंबऱ्यापासून १५० मिलीमीटर खाली रस्त्याची कड, हे आधी प्रत्येक दुकानासमोर रंगाने आखून घ्यायचं आणि त्या रेषेवरच बिल द्यायचं. आणि पेव्हर नको तर काय? काँक्रीट? ते एकदा ओतलं की पुढच्या वर्षी पाण्याच्या लाइनसाठी मधोमध कापणार, वर मुरूम टाकून जाणार. पेव्हर निदान उचलून परत बसवता येतो.

ओळंबा

बसवता येतो. बसवतात का? उचललेले ब्लॉक निम्मे फुटतात, उरलेले जिथे तिथे ढिगाने पडतात आणि खालची माती न दाबता वर नुसते मांडतात. दोन महिन्यांत चर खचतो.

काँक्रीट कापावं लागतं कारण खाली नळ्या ठेवत नाहीत. दर ३० मीटरला रस्त्याच्या आरपार २०० मिलीमीटरच्या दोन रिकाम्या नळ्या टाका, तोंडं बंद करून दोन्ही टोकांना चेंबर, आणि चेंबरची जागा भिंतीवर रंगवा. पाणी, केबल, गॅस, सगळं त्यातून. मग वर २०० मिलीमीटर एम-४० प्रतीचं काँक्रीट ओता. चार-साडेचार मीटरला सांधा, त्याच दिवशी काँक्रीट ओरखडे न पडता कापण्याइतकं घट्ट झालं की एक तृतीयांश जाडीपर्यंत कापायचा. दुसऱ्या दिवशी कापायला आले तर भेग आपली जागा आधीच निवडून बसलेली असते. खालची जमीन काळी आहे, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून काळी माती काढून मुरमाची दाबलेली भर लागतेच. पूर आला तर काँक्रीट धुऊन निघतं, बाकी काही होत नाही.

गणपतीपेठ

काँक्रीटला २८ दिवस रस्ता बंद. दिवाळीच्या तोंडावर काम काढलं तर आम्ही खायचं काय? अर्धा-अर्धा रस्ता करा, पन्नास मीटरच्या तुकड्यात, आणि जानेवारी ते एप्रिल. मे महिन्यात सुरू केलेलं काम सांगलीत जूनच्या चिखलात संपतं.

ओळंबा

हे मान्य. अर्ध्या रुंदीत केलं तर उभा सांधा रस्त्याच्या मधोमध येतो, तिथे सळ्या घालायला विसरायचं नाही, एवढंच.

कृष्णाकाठ

म्हणजे पेठेला राखाडी सिमेंटची पट्टी. त्यावर चालायला कुणी यायचं नाही. रंग-रूप हा चैनीचा भाग समजू नका. बाजार बघण्यासारखा असेल तरच गिऱ्हाईक थांबतं. गाडीच्या पट्ट्याला काँक्रीट घ्या, ठीक, पण पदपथ तरी पेव्हरचा होऊ द्या. तिथे टेम्पो वळत नाही. आणि १२ मीटरचा रस्ता धरला तर दोन्हीकडे १.८ मीटर पदपथ, मधे ३ मीटरचे दोन पट्टे, उरतात २.४ मीटर, एका बाजूला पार्किंग. एका चारचाकीच्या जागेत पाच दुचाक्या बसतात आणि पेठेतलं बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीवर येतं. चारचाकी पार्किंग बंद केलं तर धंदा वाढतो, घटत नाही.

गणपतीपेठ

१.८ मीटर पदपथावर सकाळी सात वाजता भाजीवाली बसणार. तिला उठवू नका, तिची जागा आखून द्या. न आखता पदपथ केला तर माणसं परत रस्त्यावरच चालणार.

खडीमुरूम

पेव्हर-काँक्रीटवर एवढं लिहून झालं आणि पदपथाखालच्या गटाराबद्दल एकानेही लिहिलं नाही. सुंदर फरशी आहे म्हणून वरचं झाकण पक्कं ओतून टाकतात, मग गाळ काढायला रस्ता नसतो. झाकणं सुटी हवीत. ६०० बाय ६०० बाय ७५ मिलीमीटरचा काँक्रीटचा स्लॅब साधारण ६७ किलो भरतो, दोन माणसं आकडा लावून उचलतात. १०० मिलीमीटरचा केला तर ९० किलो, तो मग कुणी उचलत नाही. दर १० मीटरला रस्त्याचं पाणी आत जायला तोंड, त्याला जाळी.

आता झडप. नाला नदीला मिळतो तिथे वरून बिजागरी असलेली लोखंडी झडप, नदी चढली की आपोआप मिटते. कागदावर सोपं. घाटावर निर्माल्य आणि नारळ वाहून येतात. एक नारळ झडपेच्या फटीत अडकला की ती बोटभर उघडी राहते आणि रात्रीत पेठेत घोटाभर पाणी. म्हणून झडपेच्या आत हाताने फिरवायचा दुसरा दरवाजा, वरच्या बाजूला ५० मिलीमीटर फटीची जाळी, आणि दर मे महिन्यात बिजागरीला ग्रीस देऊन उघडमीट करून बघायची. झडप मिटल्यावर गावातला पाऊस कुठे जाणार? १० हेक्टरच्या पेठेवर तासाला ५० मिलीमीटर पाऊस, त्यातला ८० टक्के वाहिला तर ४,००० घनमीटर. म्हणजे सेकंदाला ११०० लिटर. पाच मीटर वर फेकायला सुमारे ११० एचपीचे पंप लागतात, शिवाय एक राखीव, आणि जनरेटर २०१९ च्या पातळीच्या वर ठेवलेला. पुरात वीज सगळ्यात आधी बंद करतात.

कृष्णाकाठ

एवढं सगळं आधी हवं असेल तर घाटाला किती दिवस थांबायचं, आकडा सांगा.

खडीमुरूम

थांबू नका. घाटाच्या पायऱ्या दुरुस्त करायला झडपांची वाट बघायची गरज नाही, हे तुमचं बरोबर आहे. जुने काळे दगड काढू नका, सांधे उघडे पडलेत तेवढे भरा. मूर्तीच्या गाड्यासाठी १:१० चा उतार ठेवा, त्यापेक्षा चढा नको. रेलिंग सॉकेटमध्ये बसणारं, इशारा पातळीला काढून नेता येईल असं. दिव्यांचे खांब पाण्यात चालतील, स्विचबोर्ड चालणार नाही, तो वर रस्त्याला. निळ्या पूररेषेच्या आत बाग, मैदान, पायऱ्या सोडून काही नको, कॅफेचा स्लॅबसुद्धा नको. आणि पाणी उतरत असताना, चिखल ओला असतानाच, नदीतल्याच पाण्याचा पंप लावून घाट धुवायचा. वाळला की त्याला फावडं लागतं आणि फावड्याने दगडाच्या कडा जातात.

कृष्णाकाठ

भिंतीशिवाय घाट, हे मी लिहून घेतलं. पदपथाच्या पेव्हरवर मात्र मी मागे हटणार नाही.

ओळंबा

पदपथाला ६० चा चालेल. कडेला काँक्रीटची पट्टी आणि सांध्यात दर पुरानंतर नवी वाळू, ही दोन कलमं टेंडरात नसतील तर माझा विरोध कायम.

जलरेषा

टेंडर निघेपर्यंत आलमट्टीवर दरवाजे चढलेले असतील. वेगळा धागा काढलाय, ज्याला यायचं त्याने यावं.

गणपतीपेठ

टेंडर निघायच्या आधी प्रत्येक दुकानासमोर उंबऱ्याची रेषा मारा. पहिला रंगाचा डबा मी देतो.