पाऱ्याच्या दिव्याऐवजी खोल अतिनील एलईडी घ्यावा का?

प्रश्न: घरच्या जलशुद्धीकरण यंत्रातील पाऱ्याचा अतिनील दिवा बदलायचा आहे. त्याऐवजी खोल अतिनील, म्हणजे खूप कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश देणाऱ्या, एलईडीचे यंत्र घ्यावे का, आणि ते महाग का असते, हे कृपया सांगावे.

उत्तर १: पाऱ्याचा दिवा २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. एलईडीत मात्र ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइड या प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक स्फटिकातील ॲल्युमिनियमचे प्रमाण बदलून तरंगलांबी २६५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जंतूंचा डीएनए जिथे प्रकाश भरपूर शोषतो तिथे, आणता येते. अडचण अशी की ॲल्युमिनियम वाढले की स्फटिकातून वीज वाहणे कठीण होते, थरांत दोष राहतात आणि निर्माण झालेला बराचसा प्रकाश आतच शोषला जातो; म्हणून कार्यक्षमता बहुधा एक आकडी टक्क्यांतच अडकते आणि किंमत चढते.

उत्तर २: तरीही मी एलईडीच सुचवेन. नळ उघडताच तो पूर्ण क्षमतेने लागतो आणि फुटल्यास पारा सांडण्याची भीती नसते. पाणी गढूळ असेल तर आधी गाळणी हवीच, कारण कणांच्या आड जंतू वाचतात.

उत्तर ३: खरेदीपूर्वी तरंगलांबी अवश्य तपासावी. ३९५ नॅनोमीटरचे जांभळे एलईडीही ‘अतिनील’ म्हणून विकले जातात. पाणी निर्जंतुक करण्यासाठी ते उपयोगाचे नाहीत.