निकाली दिनांक रिकामा असताना मुदतीशी तुलना कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येणाऱ्या दाखल्यांच्या अर्जांचा मासिक आढावा मी पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-साधनात तयार करते. निकाली दिनांक मुदतीच्या दिनांकाइतका किंवा त्याआधीचा असेल तर ‘मुदतीत’, नाहीतर ‘विलंबाने’, असे साधे इफचे (‘जर-तर’) सूत्र कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये, म्हणजे सूत्राने भरणाऱ्या स्तंभात, लिहिले आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याचा एक अर्ज पाहा: ३ जून २०२४ ला आला, मुदत १८ जून, निकाली दिनांक रिकामा. अर्ज अजून पडून आहे, तरी पॉवर बीआयमध्ये तो ‘मुदतीत’ दिसतो. एक्सेलच्या नोंदवहीत, जेथे निकाली दिनांक दुसऱ्या शीटवरून लुकअपने (शोधून आणणाऱ्या सूत्राने) येतो, तेच सूत्र ‘विलंबाने’ म्हणते. मूळ डेटाबेसवर एसक्यूएल या प्रश्नभाषेने मुदतीतल्या आणि विलंबाच्या अशा दोन याद्या काढल्या, तर तो दोन्हींत सापडत नाही. यांपैकी खरे काय मानावे?

उत्तर १

तिन्ही उत्तरे आपापल्या नियमांनुसार बरोबर आहेत आणि आपल्या कामासाठी तिन्ही चुकीची आहेत, कारण जे घडलेलेच नाही त्याची तुलना करायला आपण सूत्राला सांगत आहोत.

पॉवर बीआयच्या डॅक्स या सूत्रभाषेत ब्लँकची (रिकाम्या मूल्याची) तुलना करताना त्याचे शून्य होते, आणि शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९ हा दिनांक. तो २०२४ मधल्या कोणत्याही मुदतीच्या आधीचाच असल्याने जो अर्ज कोणी हातातही घेतला नाही तो वेळेत निकाली निघाल्याचे दिसते. हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण कोठेही एरर येत नाही आणि प्रलंबित अर्ज जितके वाढतील तितकी ‘मुदतीत’ची टक्केवारी उलट सुधारते.

एसक्यूएलमध्ये नलशी (रिकाम्या मूल्याशी) केलेल्या तुलनेचे उत्तर खरे नसते आणि खोटेही नसते, ते अज्ञात असते. वेअर या गाळणाऱ्या अटीमधून फक्त ‘खरे’ ठरलेल्या ओळी पुढे जातात, म्हणून अट नॉट लावून उलटी केली तरी हा अर्ज परत येत नाही. मात्र तेच केस आणि एल्स (‘नाहीतर’) वापरून लिहिले, तर तो एल्समध्ये जाऊन ‘विलंबाने’ ठरतो. दोन याद्यांची बेरीज एकूण अर्जांइतकी होते का, हे म्हणूनच दर वेळी पाहावे.

उपाय असा, की रिकामेपणाची तपासणी तुलनेच्या आधी करावी. डॅक्समध्ये अनेक अटी क्रमाने तपासणाऱ्या स्विच या फंक्शनला पहिला पर्याय ट्रू द्यावा आणि पहिलीच अट इझब्लँकची, म्हणजे ‘रिकामे आहे का’ ही, ठेवावी. स्विच जी अट प्रथम जुळते तिचेच उत्तर देतो, म्हणून हा क्रम बदलू नये. दोन समान चिन्हांची काटेकोर तुलना ब्लँक आणि शून्य यांत फरक करते, पण ‘पेक्षा लहान’ किंवा ‘लहान वा समान’ यांना तसे काटेकोर रूप नाही.

उत्तर २

एक्सेलपुरती भर घालतो. सेल खरोखर रिकामी असेल तर तेथेही तिचे शून्य होते आणि आपला अर्ज ‘मुदतीत’च ठरला असता, कारण १८ जून २०२४ म्हणजे एक्सेलच्या हिशेबात ४५४६१. आपल्याकडे उलटे घडते, त्याअर्थी लुकअपला काही न सापडल्यास सूत्र दोन अवतरणचिन्हांमधला रिकामा मजकूर परत देत असणार. एक्सेल मजकुराला कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानते, म्हणून ‘विलंबाने’. अशा सेलला इझब्लँक ‘रिकामी नाही’ असे सांगते. त्यामुळे सेल रिकाम्या मजकुराइतकी आहे का, हे तपासावे, म्हणजे दोन्ही प्रकार पकडले जातात.

अटीनुसार सेल मोजणाऱ्या काउंटइफ्सला ‘अमुक दिनांकापूर्वी’ अशी अट दिली तर तो रिकाम्या सेल मोजत नाही, पण समप्रॉडक्ट या बेरजेच्या फंक्शनमध्ये थेट तुलना लिहिली तर खरोखर रिकाम्या सेलही मोजल्या जातात. एकाच शीटवर दोन आकडे जुळत नसतील, तर प्रथम येथे शोधावे.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. रिकाम्या जागी ३१ डिसेंबर ९९९९ भरून टाकावे, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १

माझ्या मते ठरणार नाही. अर्ज निकाली काढण्यास लागलेल्या दिवसांची सरासरी त्याने निरर्थक होईल. शिवाय पॉवर बीआयची स्वयंचलित दिनांक-सारणी स्तंभातल्या सर्वांत जुन्या वर्षापासून सर्वांत पुढच्या वर्षापर्यंत ओळी तयार करते; २०२० ते ९९९९ म्हणजे सुमारे २९ लाख ओळी, त्याही केवळ एका स्तंभासाठी.

त्याऐवजी चार स्थिती ठेवाव्यात: मुदतीत निकाली, विलंबाने निकाली, प्रलंबित पण मुदत शिल्लक, आणि प्रलंबित व मुदत उलटलेली. शेवटच्या दोन ठरवताना मुदतीची तुलना आजच्या दिनांकाशी करावी. कॅल्क्युलेटेड कॉलममधला ‘आज’ मात्र डेटा रिफ्रेश (ताजा) झाला त्या दिवसाचा राहतो. आढावा रोज पाहिला जात असेल आणि रिफ्रेश आठवड्यातून एकदाच होत असेल, तर ही गणना मेजरमध्ये, म्हणजे अहवाल पाहताना मोजल्या जाणाऱ्या सूत्रात, लिहावी.

मुदतीचा दिनांकच रिकामा असलेल्या ओळीही तपासाव्यात. आताच्या सूत्रात त्या उलट दिशेने चुकतात: अर्ज वेळेत निकाली निघाला असला तरी ३० डिसेंबर १८९९ नंतरचाच असल्याने तो ‘विलंबाने’ ठरतो, आणि न झालेल्या विलंबाचा दोष पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या (सेवा देण्यास जबाबदार अधिकाऱ्याच्या) नावावर चढतो. अशा ओळींना ‘मुदत नोंदलेली नाही’ असे वेगळे नाव देऊन त्या टक्केवारीतून वगळाव्यात, आणि त्यांची संख्या आढाव्यात स्वतंत्र छापावी.