माणूस काळातून निसटतो, त्याला काय म्हणावं?

प्रश्न: मिर्चा एलियादे या रोमानियन लेखकाच्या 'तारुण्याविना तारुण्य' (१९७६) या लघुकादंबरीवर टिपण लिहितेय. नायक नकळत एका काळातून दुसऱ्या काळात जातो, त्याला 'कालप्रवास' म्हटलं तर चालेल का?

उत्तर: नको. प्रवासाला निघावं लागतं, आणि डोमिनिक मातेई कुठंच निघालेला नाही. १९३८ च्या ईस्टरच्या रात्री बुखारेस्टमध्ये या सत्तरीच्या म्हाताऱ्यावर वीज पडते आणि मरायच्या ऐवजी तो तरुण होतो. त्याचं गूढ नाझींना हवं असतं, म्हणून तो स्वित्झर्लंड गाठतो. युद्ध संपतं, वर्षं उलटतात. शेवटी आपल्या गावच्या, प्यात्रा न्यामत्सच्या, जुन्या कॅफे सिलेक्टमध्ये शिरतो, तर मित्रमंडळी बसलेली आणि साल १९३८, महिना डिसेंबर! महायुद्ध याचं जगून झालंय, त्यांचं अजून सुरूही व्हायचंय. मला तरी हा प्रसंग वाचून कितीतरी वेळ काही सुचलं नव्हतं.

माझं मत 'कालभ्रंश'ला. भ्रंश म्हणजे जागेवरून ढळणं, घसरणं. शिवाय स्मृतिभ्रंश आपल्या तोंडात आहेच, आणि डोमिनिकला सुरुवातीला धास्ती असते ती नेमकी आठवण जाण्याची.

'कालविपर्यास' मात्र टाळा. शिवकालीन नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं तर तो कालविपर्यास. तिथे चूक नाटकवाल्यांची असते.

आणखी एक उत्तर: कालभ्रंशला अनुमोदन. विशेषणही तयार मिळतं, 'कालभ्रष्ट'. गीतेच्या सहाव्या अध्यायातला 'योगभ्रष्ट' आठवा: साधना अर्धवट राहिलेला माणूस पुन्हा जन्मतो आणि राहिलेलं पुढे नेतो. डोमिनिकचंही आयुष्यभराचं लिखाण अपुरं राहिलेलं असतं, त्यासाठीच जणू त्याला दुसरं तारुण्य मिळतं. एलियादे १९२८ ते १९३१ भारतात होता, कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे शिकला, डॉक्टरेटही योगावरच केली. त्यामुळे हा शब्द इथे उपरा वाटत नाही.

प्रश्नकर्ती: पटलं. पण प्रत्येक वाक्यात 'कालभ्रंश झाला' जड होईल ना?

उत्तर: होईलच. नाम शीर्षकात आणि विवेचनात ठेवा. गोष्ट सांगताना सरळ क्रियापद घ्या: 'डोमिनिक आपल्या काळातून निसटला आणि १९३८ मध्ये येऊन पडला.' 'पोचला' नको, त्यात पुन्हा प्रवास आला.