"आजारी पडणं हा चॉइस असतो" म्हणे! जरा सविस्तर उत्तर

सांजवारा:
काल इथली एक पोस्ट वाचली, ती अजून डोक्यातून जात नाहीये. पहाटे पाचला उठा, दहा हजार पावलं चाला, ध्यान करा, आठ तास झोपा, आणि जमत नसेल तर "तब्येत ही तुमची प्रायॉरिटीच नाही, आजारी पडणं हा शेवटी चॉइस असतो". खाली बदामांचा पाऊस.

माझ्या आईला दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. रात्री साडेबारा, अडीच, साडेचार. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, मग गुडघ्यांमध्ये उशी, आणि चादरीची एक सुरकुतीसुद्धा पाठीखाली राहता कामा नये. पहाटे पाचला मी जागीच असते हो. माझं बीपी वाढलंय, तो माझा चॉइस आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत १९४८ पासून लिहिलंय की नुसता रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, शरीर, मन आणि समाज तिन्ही बाजूंनी माणूस सुस्थितीत हवा. वेलनेसवाले शरीर घेतात, मन घेतात, तिसरा शब्द बरोबर गाळतात. रात्री अडीचला दुसरा हात कोण देणार हे कुठल्याच पोस्टमध्ये नसतं.

पायपीट:
ती पोस्ट माझी. तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण मी ते हवेत लिहिलं नव्हतं. मला डायबेटिस आहे, सहा वर्षं मीपण हेच म्हणायचो, वेळ नाही, काम आहे, घर आहे. एक दिवस जिना उतरताना पायातली चप्पल मागे राहिली आणि मला कळलंच नाही, चार पायऱ्या तसाच उतरलो, मागून मुलीने हाक मारली. तळपायाची संवेदना गेली होती. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर दहा मिनिटं चालायला लागलो, मग वीस, मग पहाटे. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, साडेनऊवरून साडेसहावर आलं, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. परिस्थिती तीच होती, बॉस तोच होता, बदललो मी. मग लोकांना हे सांगायचं नाही का?

निशाचर:
सांगा ना, पण नीट माहिती घेऊन सांगा. ते दहा हजार कुठून आलं माहितीये? १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा तिथला. २०१९ ला सरासरी ७२ वयाच्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला आणि ७,५०० च्या आसपास तो सपाट झाला. २०२० च्या जागतिक मार्गदर्शनातही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम एवढंच आहे, पूर्वीची सलग दहा मिनिटांची अटही काढली.

मी नर्स आहे, ११ वर्षं नाइट करते. वॉर्डात माझी पावलं तुमच्यापेक्षा जास्तच भरतील. पण रात्रपाळीला कर्करोगाच्या जागतिक संशोधन संस्थेने २००७ पासून 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलंय. कुणीतरी रात्री जागणारच आहे ना पेशंटपाशी? आणि हो, ती मनगटावरची घड्याळं आधी काढून फेका. सकाळी घरी आले की ते मला सांगतं तुमचा स्लीप स्कोअर ३८, लवकर झोपत जा.

उंबरठा:
घड्याळाबद्दल शंभर टक्के. माझी झोप चांगली होती, घड्याळ घेतलं आणि बिघडली. उठल्या उठल्या आधी स्कोअर बघायचा, कमी दिसला की दिवसभर थकल्यासारखं. याला २०१७ पासून ऑर्थोसोम्निया असं नावसुद्धा आहे. ते घड्याळ मेंदूच्या लहरी मोजतच नाही, हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं.

काठावरचा:
काहीही सरसकट फेका म्हणू नका. माझ्या वडिलांच्या घड्याळाने ठोके अनियमित आहेत असं तीनदा दाखवलं, ते मनावर घेईनात, मी ओढत नेलं, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. आज रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घड्याळ फेकलं असतं तर?

उंबरठा:
तो नाडीचा विषय झाला, मी झोपेचं बोलतोय.

काठावरचा:
निशाचर "काढून फेका" म्हणाल्या. वाचा परत.

निशाचर:
मी झोपेच्याच संदर्भात म्हणाले. नाडीचं मान्य, ते उपयोगी आहे. बास?

टेबलखुर्ची:
आमच्या ऑफिसात हीच घड्याळं वाटली आणि पावलांची स्पर्धा लावली. ज्या महिन्यात स्पर्धा, त्याच महिन्यात रोज अकरा तास काम. आठवड्याला ५५ तास भरले की ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून २०२१ ला सांगितलंय. एचआरला हे मेल केलं तर उत्तर आलं, "ध्यानाच्या सेशनला या."

पायपीट:
सगळे मिळून आळसाला पुरावे शोधताय. बॉस वाईट, रात्रपाळी वाईट, घड्याळ वाईट. आणि सांजवारा, घरात दुसरं कुणीच नाही का रात्र वाटून घ्यायला? विचारलंत का कधी कुणाला?

निशाचर:
तोंड सांभाळून. रात्री जागणाऱ्या बाईला आळशी म्हणताय?

पायपीट:
त्यांना नाही म्हणालो. ठीक आहे, 'चॉइस' शब्द चुकला, काढतो. दहा हजारही काढतो, कुणी त्यावर अडून बसणार असेल तर. पण रोज चाला हे राहणार. ती चप्पल मी विसरणार नाही.

सांजवारा:
तुमचा प्रश्न वाचून इतका राग आला की फोन बाजूला ठेवला. भाऊ आहे मला, वीस मिनिटांवर राहतो. विचारलं नव्हतं. त्याने आपणहून म्हणावं असं वाटायचं, दीड वर्ष वाट बघत बसले.

मघाशी फोन केला. "तू कधी बोललीच नाहीस" म्हणाला, त्यावरून आधी भांडलो. शनिवारची रात्र तो घेणार आहे. तुम्ही शब्द काढलात म्हणून आभार मानणार नाही, तो मुळात लिहायलाच नको होता. साडेबारा होत आले, आईची कूस बदलायचीये, उशी कशी ठेवायची ते त्याला दाखवायला व्हिडिओही काढायचाय.