गाडी चालवताना फोनवर कायद्याने पूर्ण बंदी हवी का?

कोथरूडची_आई

मंडळी, मुलगी तिसरीत आहे, शाळेच्या व्हॅनने जाते. परवा आमच्या चौकात तीच व्हॅन वळताना दिसली. काकांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात टोस्टसारखा आडवा धरलेला फोन आणि जोरजोरात व्हॉइस मेसेज चालू. आत सगळी पोरं. माझ्या पोटात गोळाच आला.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. निम्म्यांनी अंगठे दिले. एकीने मात्र लगेच लिहिलं, "अहो, पण काकांनी फोन नाही उचलला की आपणच चिडतो ना?" त्यावर कोणीच काही बोललं नाही.

मला प्रामाणिकपणे विचारायचंय, दारू पिऊन गाडी चालवायला जशी बंदी आहे तशी फोनवर सरसकट बंदी का नाही? अगदी हँड्सफ्रीसकट? की मीच टोकाचं बोलतेय?

काळा_कोट

ताई, बंदी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक रीतीने वाहन चालवणे. २०१९ च्या दुरुस्तीत त्यात हातात धरून वापरायच्या संपर्क साधनांचा स्पष्ट उल्लेख आला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ती लागू झाली. शिक्षा वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो: पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. आपल्याकडे महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. कैदेचं मात्र विसरा, सगळं चलानवरच मिटतं.

त्याआधी कायदा मोघम होता. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिथल्या पोलीस कायद्याच्या एका कलमाबद्दल हेच म्हटलं होतं की, लोकांना धोका झालेला नसताना नुसतं फोनवर बोललं म्हणून त्या कलमाखाली गुन्हा होत नाही.

हँड्सफ्री हातात धरलेलं नसतं, म्हणून या व्याख्येत सरळ बसत नाही. नकाशालाही सूट आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमच असा की फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यापुरता, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. आता विचलित झालं की नाही हे कोण ठरवणार, ते विचारू नका.

सोलापूर_ते_लेस्टर

इकडे ब्रिटनमध्ये २००३ पासून बंदी आहे. २०१७ पासून २०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट. नवीन लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंट म्हणजे लायसन्सच गेलं. सिग्नलला उभे असलात तरी फोन हातात घेता येत नाही. आधी पळवाट होती, लोक कोर्टात सांगायचे की मी बोलत नव्हतो, नुसता फोटो काढत होतो. २०२२ मध्ये तीही बुजवली. लोक पॉइंटला घाबरतात, पैशाला नाही. पण हँड्सफ्री इथेही चालतं.

मीटर_डाऊन

मी ठाण्यात गाडी चालवतो. आधी मालकाची काळी-पिवळी होती, आता स्वतःची आहे, ॲपला लावलेली. वरचे प्रतिसाद वाचले. वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण कायदा लिहिणारे माझ्या सीटवर बसलेले नाहीत, म्हणून मी सांगतो.

रिक्वेस्ट आली की स्क्रीनवर एक गोल येतो आणि झरझर कमी होत जातो. तो संपायच्या आत बोट लागलं पाहिजे. घोडबंदरचा उतार असो, बाजूला ट्रेलर असो, पाऊस असो. आणि नुसतं बोट लावून भागत नाही. पिकअप कुठे, किती लांब, भाडं किती, कॅश की ऑनलाइन, एवढं वाचून मग हो की नाही ठरवायचं. मागे पहिलं गिऱ्हाईक अजून बसलेलं असतं. दोन-चार नाकारल्या की टक्केवारी खाली येते, टक्केवारी खाली आली की इन्सेन्टिव्ह गेला. हप्ता त्या इन्सेन्टिव्हवर निघतो. फोन होल्डरला आहे, म्हणजे "हातात" नाही. मी कायद्याने साधू.

मग गिऱ्हाइकाचा फोन. "भैया, कहाँ हो?" अहो, नकाशावर माझी गाडी सरकताना दिसतेय तुम्हाला! तरी फोन. नाही उचलला तर कॅन्सल, आणि वर एक स्टार. आमच्यातलेही कमी नाहीत. "ड्रॉप कुठे" एवढं विचारायला गाडी चालवता चालवता गिऱ्हाइकाला फोन लावतात.

ताई, तुमच्या व्हॅनवाल्या काकांच्या हातातला फोन चुकीचाच. पण तो मेसेज कोणाला चालला होता? माझी पैज, एखाद्या पालकाला. "पाच मिनिटांत येतोय."

हँड्सफ्रीचं विचारलंत ना? माझं मत सांगतो, बंद करा. बाजूला बसलेला माणूस बोलत असला तरी त्याला समोरचा डंपर दिसतो, तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला काही दिसत नाही, तो बोलतच राहतो. मोठ्या गाडीतले साहेब काचा लावून स्पीकरवर तासभर मीटिंग करतात. लेन बदलायची म्हणजे इकडून तिकडे तरंगत येतात, इंडिकेटर नाही की आरसा नाही. त्यांना कोणी मामा हात करत नाही, बाहेरून दिसणार काय? सापडतो कोण, तर मान वाकडी करून खांद्यात फोन दाबलेला स्कूटरवाला. पकडायलाच पाहिजे त्याला. हेल्मेटमध्ये फोन खुपसणारा तर हेल्मेट घातलं म्हणून वर आणि सुटतो.

आता मुद्द्याचं. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा ड्रायव्हर चालत्या बसमध्ये मोबाइलवर मॅच बघत होता. प्रवाशाने व्हिडिओ काढला, तो मंत्र्यांपर्यंत गेला. ड्रायव्हरला काढलं, बस चालवणाऱ्या खासगी कंपनीला पाच हजार दंड. ड्रायव्हर गेला ते योग्यच, मॅच बघायला कोणी सांगितलं नव्हतं त्याला. पण हिशोब बघा, माणसाची नोकरी आणि कंपनीचे पाच हजार. तिथे फोन हौसेचा होता. जिथे फोन धंद्याचाच भाग आहे, तिथे तर कंपनीला पाच रुपयेही लागत नाहीत.

गाडी हलतेय हे ॲपला कळतं की नाही? जीपीएस त्यांच्याकडेच आहे. मी कुठल्या कोपऱ्यावर वळलो ते त्यांना दिसतं, मग पन्नासच्या स्पीडला मला गोल का दाखवता? गाडी थांबली की दाखवा. नाहीतर सरळ ट्रिप नेमून द्या, हो-नाहीचा खेळ नको. डिलिव्हरीच्या पोरांची तर याहून वाईट दशा. हँडलला होल्डर, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पावसात अंगठा लागत नाही म्हणून चालत्या बाइकवर पोरगं पिशवी पुसत असतं.

बंदी घालाच. पण निम्मी बंदी फोन उचलणाऱ्यावर आणि निम्मी फोन करणाऱ्यावर.

डॉक्टर_नसलेला_डॉक्टर

मीटर_डाऊन यांना +१. संशोधनही हेच सांगतं. १९९७ मध्ये टोरांटोत अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनबिलं तपासली होती. बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला आणि हँड्सफ्रीचा वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा तर स्क्रीनवर बघण्यासारखं काही नव्हतंच.

काळा_कोट

मीटर_डाऊन, तुमचं शेवटचं वाक्य गमतीत घ्यायचं कारण नाही. याच कायद्यात कलम १८८ आहे. १८४ खालच्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा साथ देतो त्यालाही तीच शिक्षा. म्हणजे निम्मी बंदी लिहिलेली आहे, फक्त मी आजवर कोणा फोन करणाऱ्यावर ती लागलेली पाहिली नाही.

अर्थात कोर्टात ते सोपं जाणार नाही. समोरचा गाडी चालवतोय हे माहीत असूनही त्याला फोन वापरायला लावलं, हे सिद्ध करावं लागेल. "कहाँ हो" विचारणारं गिऱ्हाईक सुटेल. होल्डरचा प्रश्न तर आहेच, मुळात १८४ बसलं तरच १८८. पण चालत्या गाडीला मुद्दाम वेळेची मर्यादा लावून रिक्वेस्ट पाठवणारी यंत्रणा "मला काय माहीत" असं कसं म्हणणार? मला हा वाद एकदा उभा राहिलेला बघायला आवडेल.

मीटर_डाऊन

उभा करा साहेब. फी ऑनलाइन की कॅश?

कोथरूडची_आई

इतकं वाचून माझा राग जरा दुसरीकडे वळलाय. मीटर_डाऊन, तुमची पैज तुम्ही जिंकलात. आज काकांना विचारलं, तो मेसेज एका आजोबांना होता. रोज दुपारी विचारतात. काकांनी फोन काढून कॉल लिस्टच दाखवली, त्यात माझंही नाव होतं आणि वेळ बरोबर शाळा सुटल्यानंतरची.

पण मग व्हॅन खरंच अर्धा तास आली नाही तर आम्ही काय करायचं? नुसतं गॅलरीत उभं राहायचं?

मीटर_डाऊन

व्हॅनमध्ये मदतनीस बाई असतील ना? त्यांचा नंबर ग्रुपवर टाका आणि काकांचा काढून टाका. काकांना सांगा, फोन बाईंच्या पर्समध्ये. बाई नसतील तर शाळेशी भांडण तिथून सुरू करा, फोनचं नंतर.