आमेदे आर्डोइन: रुमालाची गोष्ट आता पुरे?

भातावाला
आमेदे आर्डोइन (1898–1942). अमेरिकेतल्या लुइझियानातला काळा क्रिओल, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या समाजातला, अकॉर्डियनवादक. नाव निघालं की एकच किस्सा: गोऱ्यांच्या नाचात एका गोऱ्या पोरीनं घाम पुसायला रुमाल दिला, म्हणून परतीच्या वाटेवर त्याला बेदम मारलं. अहो, 1929 ते 1934 मध्ये त्यानं 34 गाणी ध्वनिमुद्रित केली, ती कोण ऐकतं? दहा बटणांचा डबा. एकच बटण, भाता ओढला की एक सूर, दाबला की दुसरा. घरी मी पेटी वाजवतो. आमची पट्टी दाबली की सूर ठरलेला, भाता कसाही मारा. इथं हाताची दिशा चुकली की सूरच चुकला, आणि हा वरून टिपेत फ्रेंच गातोय!

सावनी_क
रुमाल वगळून काय ऐकणार? त्याच्या साथीला फिडल (व्हायोलिन) वाजवणारा डेनिस मॅकगी गोरा, हा काळा. दोघंही बटईनं शेती करणारे. तबकडीवर फिडल आणि अकॉर्डियन मांडीला मांडी लावून बसलेत. नाचाच्या घरात मात्र एकाला पाहुणचार, दुसऱ्यानं वाजवायचं नि निघायचं. त्या टिपेतलं रडणं हवेतून आलं का?

भातावाला
पण मॅकगी तर म्हणायचा, हेव्यानं जळणाऱ्या एका वादकानं आर्डोइनला विष घातलं. रुमालाची हकिगत कॅनरे फॉन्टेनो या क्रिओल फिडलवादकानं सांगितलेली. मग तीच पक्की कशी धरता?

सावनी_क
विष असो की मार, शेवट पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात झाला आणि पुरलं बेनाम कबरीत. ह्याला तुम्ही 'किस्सा' म्हणता?

जुनी_तबकडी
दोघंही एक विसरताय. 1940 च्या दशकाच्या शेवटी आयरी लेज्यून या गोऱ्या पोरानं आर्डोइनच्याच चाली उचलल्या आणि केजन, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या गोऱ्यांच्या, संगीतात अकॉर्डियनला पुन्हा दिवस आले. आज त्याच चालींना सरसकट 'केजन' म्हणतात. लुइझियानातल्या ओपलूससला आर्डोइनचा पुतळा उभा राहिला तो 2018 मध्ये! मला राग आहे तो ह्याचा.

सावनी_क
हे मान्य. पण चाली उचलणं वेगळं आणि माणूस उचलून आपटणं वेगळं.

भातावाला
'किस्सा' शब्द मागे घेतो, चुकलंच. तरी डिसेंबर 1934 च्या न्यू यॉर्कच्या तबकड्या लावा एकदा. तिथं मॅकगी नाही, नुसता आवाज आणि भाता. मग भांडू.